लाखोरीचं पाणी

"थोडुसं हातावर द्या जी."

कोणाच्याही घरात शिरली की ती पहिलं हे म्हणायची. पदर कमरेला खोचायची, चुलीजवळ उकिडवी बसायची आणि उजव्या हाताचा तळवा पुढं करायची. घरची बाई हसत हसत जे काही शिजलं असेल ते त्या तळव्यावर टाकायची. कण्यांचा भात, तरोट्याची भाजी, पेज, काहीही. ती चाटून घ्यायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, मीठ कमी पडलं, किंवा आज जवस घातला वाटते. बस्स, एवढ्यावर ती घरची बाई मोकळी व्हायची. जी बाई माझ्या प्रश्नांना 'हो' आणि 'नाई' यापलीकडं उत्तर देत नसे, ती हिला सासूच्या भांडणापासून गाईच्या आटलेल्या दुधापर्यंत सगळं सांगत बसायची.

मला तिचा तो तळवा बघवत नसे. आता वय झालं, लपवून काय करायचं आहे? मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत. तुमच्याही कचेरीत, शाळेत, आळीत असं एखादं माणूस असेलच. त्यानं आपलं काही वाईट केलेलं नसतं, आणि नेमकं त्याचंच नाव निघालं की आपला चेहरा उतरतो. ते माणूस आठवा, म्हणजे माझी बाजू थोडी तरी कळेल.

मी नागपूरची. मॅट्रिक झालेली, त्यावर ग्रामसेविकेच्या शिक्षणात पहिली आलेली. नेमणूक मिळाली आरमोरीला. तेव्हा आमचा जिल्हा चांदा आणि राज्य मध्यप्रदेश. ती तिथलीच, वैनगंगेकाठच्या कुठल्याशा गावची, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेलेला. चौथीपर्यंत शिकलेली, मग दाईचं काम केलेली, आणि कोणा अधिकाऱ्यानं पारखून माझ्या जोडीला सरकारी कामावर घेतलेली. दोन लुगडी आणि एक पत्र्याची पेटी, एवढा तिचा संसार. एका बांगडीवाल्या मुसलमान कुटुंबाच्या घरात आम्हा दोघींना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या होत्या. मधे कुडाची भिंत, पुढं एकच ओसरी. ती दुपारची घोरायची. हे लिहिताना मला आजही बरं वाटतं.

लोक मला 'नागपूरवाली बाई' म्हणत आणि तिला नुसतं 'बाई'. ही गोष्ट लहान आहे, मला कबूल आहे. पण एकदा एका गावात मी चांगली तासभर उभी राहून बाळाच्या आहारावर बोलले, चित्रं दाखवली, घसा बसवला. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "बाई केवा येनार हायेत?" म्हणजे मी कोण होते मग? मी चित्रं गुंडाळली आणि चालत आरमोरीला आले. 

त्या वर्षीच्या हिवाळ्यात नागपूरहून एक डॉक्टर आले. किडकिडीत, चष्मेवाले, हळू बोलणारे. लाखोरी आणि पाय यांचा काही संबंध आहे का, ते त्यांना शोधायचं होतं.

ज्यांना तो भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं धान कापायच्या थोडं आधी, उभ्या पिकातच लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. वेगळं पाणी नको, नांगर नको. थंडीत सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेतं, तिच्या निळ्या फुलांनी भरून जातात. धान चांगलं झालं तर लाखोरीची डाळ आठवड्यातून दोनतीनदा होते, वडे होतात, कोणाला काही होत नाही. धान बुडालं की मात्र तीच डाळ, तिचीच भाकर, तिच्याच घुगऱ्या, सकाळ-संध्याकाळ, महिनोन् महिने. मग घरातल्या तरण्याताठ्या माणसाच्या पोटऱ्यांत गोळे येतात. गुडघे आखडतात. माणूस चवड्यांवर चालायला लागतो. पुढं एक काठी येते, मग दोन काठ्या, मग जमिनीवर सरपटणं. गेलेले पाय परत येत नाहीत. खाणं वेळेवर थांबलं तर दुखणं आहे तिथं थांबतं, एवढाच काय तो दिलासा. त्या आधीची दोन वर्षं धानाची वाईट गेली होती आणि घराघरांच्या कोठीत लाखोरीशिवाय काही नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच करायला सांगितलं, की लोक खरोखर काय खातात ते टिपून आणा. मला पितळी तराजू दिला, वजनं दिली, छापील तक्ते दिले. मी किती ऐटीत निघाले होते म्हणून सांगू. घरोघरी शिजवायच्या आधी तांदूळ तोलला, डाळ तोलली, तेलसुद्धा तोललं. तक्ते सुवाच्य अक्षरात भरले.

डॉक्टरांनी ते पाहिले आणि चष्मा काढून पुसला. माझ्या तक्त्यांप्रमाणं ते गाव रोज लग्नाचं जेवत होतं. नागपूरवाली बाई सैपाक तोलून सरकारला सांगणार, म्हटल्यावर बायांनी घराण्याची लाज राखली होती. मी येणार त्या दिवशी शेजारणीकडून तांदूळ यायचा, तुरीची डाळ यायची. मी गेले की उरलेलं परत जायचं. तीच तुरीची डाळ मी त्या आठवड्यात चार घरांत तोलली होती.

तिनं दिलेला कागद वाकड्यातिकड्या अक्षरात होता. 'सकाळी पेज. दुपारी पेज, लाखोरी. बुधवारी काई नाई. गुरुवारी शेजारी नागपूरवाल्या बाई होत्या म्हनून यांच्याकडं डाळ नव्हती.' डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, याला संशोधन म्हणतात. ती पदराचं टोक चघळत खाली बघत राहिली. मला वाटलं, ओसरी फाटावी आणि मी आत जावं.

पुढचं काम वाटून मिळालं. एकाच गावातली सहा घरं मला, सहा तिला. तिच्या घरांत डाळ निम्मी करायची, तिच्यात दुसरं कडधान्य आणि रानातला पाला मिसळायचा. माझ्या घरांत डाळ कमी करायची नाही, पण ती कढत पाण्यात घालून चार तास ठेवायची, ते पाणी फेकून द्यायचं, डाळ धुवायची आणि मग शिजवायची. डाळीतलं जे वाईट आहे ते पाण्यात उतरतं असा डॉक्टरांचा अंदाज होता. ज्या घरांत पाय धड राहतील त्या घरांची रीत पुढं सगळ्या गावांत न्यायची. आणि एक नियम त्यांनी बजावून सांगितला. एकीच्या घरात दुसरीनं काही शिकवायचं नाही, नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही.

ही माझी रीत होती हो. डॉक्टरांनी काढलेली, पण शिकवणारी मी. ती जिंकली तर अहवालात माझं नाव येणार होतं, आणि त्या नावाच्या आधारानं मी नागपूरला परत जाणार होते, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

माझ्या सहा घरांत एक घर सोमाचं. घरात तो आणि त्याची माय, दोघंच. सोमा वीसबावीस वर्षांचा, उंच, हसरा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडार व्हायची, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, त्यात तो बाईचं सोंग घेऊन नाचायचा. पाचपाच कोसांवरून लोक त्याचा नाच बघायला येत. होळीच्या सुमारास त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी त्याला चालवून पाहिलं, गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "याच्याकडं लक्ष ठेवा. आत्ता थांबलं तर हा काठीशिवाय चालेल."

मी सोमाच्या अंगणात स्वतः चूल पेटवून रीत करून दाखवली. चार तासांनी झाकण काढलं तर पाणी पिवळं, दाटसर झालेलं. माय वाकून बघत राहिली.

"येवढं सत फेकाचं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ते सत नव्हे, त्यानंच पाय जातात. तिनं मान डोलावली. मान डोलावली म्हणजे पटलं, असं मला वाटायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

मी दर आठवड्याला सहा घरं फिरायचे. दारात उभी राहायचे, विचारायचे, डाळ भिजवली का, पाणी फेकलं का. सगळीकडून 'हो' यायचं. मी तसं लिहून ठेवायचे. आत मी जात नसे. मला कोणी काही खायला दिलं तर मी पोट बिघडल्याचं सांगायचे. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हता. आंबलेल्या पेजेचा वास मला सोसत नसे, आणि तिच्यासारखं चुलीपाशी उकिडवं बसणं मला कमीपणाचं वाटायचं.

मृग लागून गेला होता. एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो.  ती सुपावरची नजर न काढता म्हणाली, "तुमच्या घरातल्या बाया पानी फेकत नाई जी. आंबिलीत घालून राह्यल्या. सोमाची माय तं पयला वाडगा त्यालेच देते, नांगर हाकते म्हनून."

ती त्या वाटेनं जात होती म्हणे. मायनं हाक मारली, थोडुसं हातावर दिलं. आंबिलीला लाखोरीचा वास आला. तिनं विचारलं, तर मायनं सगळं सांगितलं. डाळ बाई म्हणते तशीच भिजवते, धुते, शिजवते. पण एवढं पिवळंधमक पाणी उकिरड्यावर ओतायचं तिच्या जिवावर येत होतं. वाईट दिवसांत घरातलं सगळ्यात कसदार ते कष्टाच्या पोराच्या पोटात जायला हवं, म्हणून आंबील त्याच पाण्यात शिजत होती. म्हणजे आधी जे डाळीच्या निमित्तानं दोघांत वाटलं जायचं, ते आता वेगळं काढून, वाडग्यात भरून, एकट्या सोमाला मिळत होतं. आणि ही वाट करून दिली होती मी.

आज हे मला सरळ दिसतं. त्या दुपारी मला एकच दिसलं, की ही माझ्या घरांत शिरली. तिची रीत आणि माझी रीत अशी बरोबरी लागलेली असताना ही माझ्या घरांतलं खोडून काढायला निघाली. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या घरांत गेलाच कशाला? डॉक्टरांनी काय सांगितलंय? यापुढं तिथं पाऊल टाकायचं नाही."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "बरं," ती म्हणाली. "घरं तुमची हायेत. पन तुमी जाऊन सांगा. लवकर सांगा."

मी गेले का? गेले ना. चार दिवसांनी, माझ्या ठरलेल्या वारी गेले. दारात उभी राहून विचारलं, "पाणी फेकता ना?" माय म्हणाली, "फेकतो ना बाई." दुसरं काय म्हणणार ती? मला हवं होतं ते उत्तर मिळालं, मी ते लिहिलं. सोमा अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. तो उठून मला रामराम करायला आला नाही. एरवी यायचा. हे माझ्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं ओसरीवर विचारलं, पाहिलं का जी. मी म्हटलं, पाहिलं, फेकतात.  त्याच्या पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, चला, दोघी मिळून जाऊ, मी काही बोलणार नाही, नुसती मागं उभी राहीन. मी डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले. डोकं खरंच दुखत होतं. हेव्यानं दुखतं, अनुभव आहे.

धानाची रोवणी सुरू झाली. सोमा दुसऱ्याच्या बांधीत चिखलणी करत होता, बैलांमागं. तिथं त्याचे पाय अडकले. लोकांना वाटलं घसरला. तो हसला आणि उठायला गेला, पण पाय एकमेकांत कात्रीसारखे अडकले ते सुटेनात. चौघांनी त्याला चिखलातून काढून बांधावर आणलं. तो तेव्हाही हसत होता म्हणे. घरी आणून टाकल्यावर मग रडला.

मला निरोप आला तशी मी धावत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी सोमाच्या चुलीपाशी बसले आणि मायला म्हटलं, आंबील दे. तिनं वाडगा भरून दिला. मी तोंडाला लावला. लाखोरीचा वास लपणारा नव्हताच. माय माझ्या चेहऱ्याकडं बघत होती आणि विचारत होती, "काऊन बाई, का झालं?" मी तिला सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते मडकं उचललं, अंगणात नेलं आणि दगडावर आपटून फोडलं. मग तिथंच त्या पाण्यात बसली.

तीन दिवसांनी डॉक्टर आले. चावडीत आम्ही दोघी त्यांच्यापुढं उभ्या. त्यांनी सोमाला तपासलं होतं, त्यांचा चेहरा पडला होता. माझ्याकडं वळून म्हणाले, डाळ भिजवूनही या घरात असं का व्हावं?

मी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणू शकली असती, मी सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं होतं. तेवढे चार शब्द ऐकायची मी तयारी करून आले होते. ती खाली बघत उभी राहिली.

मग मीच बोलले. पाणी आंबिलीत जात होतं, मी स्वतः चुलीपाशी बसून चव घेऊन पाहिली, असं म्हटलं. खोटं त्यात एकही अक्षर नव्हतं. डॉक्टर उठून उभे राहिले. म्हणाले, नुसती रीत सांगून भागत नाही, रीत घरात शिरली की तिचं काय होतं ते बघायला असं बारीक लक्ष लागतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग तिला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाई जी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या सहाही घरांत मी स्वतःच्या डोळ्यांदेखत पाणी उकिरड्यावर ओतवून घ्यायला लागले. भिजलेली डाळ उकिरड्यावरच निथळायला, खालून भोक पाडलेलं, तळाशी गवत घातलेलं मडकं द्यायची युक्ती निघाली, म्हणजे पाणी साठायलाच नको. बाकी पाच घरांत कोणाचे पाय गेले नाहीत. पुढं ती रीत आणि तिची मिसळायची रीत, दोन्ही मिळून सगळ्या गावांत गेल्या. अहवालात माझं नाव आलं. छापून आलेलं नाव मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. सोमाचं दुखणं एका काठीवर थांबलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी कळतं तर.

ते वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ओसरीवर आम्ही दोघी पुन्हा तांदूळ निवडायला बसायचो, पण त्या तीन आठवड्यांबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. मी वाट बघायचे, की आज टोमणा मारील, उद्या मारील. मारला असता तर मी भांडले असते, रडले असते, सुटले असते. पण छे. मी तापानं पडले तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. तेव्हाही माझ्या मनात आलं, ही मुद्दाम करते.

दिवाळीनंतर तिची बदली सिरोंच्याकडं झाली. पत्र्याची पेटी बैलगाडीत टाकली, "येतो जी" म्हणाली आणि गेली. तिकडं तेलुगू बोलतात. सहा महिन्यांत बाई तेलुगूत बोलायला लागल्या, अशी बातमी जंगलखात्याच्या एका गार्डानं आणली. मला आरमोरीची झाडीबोली तीन वर्षांत धड आली नव्हती. तिसऱ्या पावसाळ्यात ती तिकडंच तापानं गेली. नदीला पूर होता, औषध वेळेवर पोचलं नाही. तिच्या मागून पन्नाससाठ बाया रडत गेल्या म्हणे, त्यातल्या निम्म्या डोक्यावरचा भारा वाटेत टाकून आल्या होत्या. मी ते ऐकलं आणि माझ्यामागं किती येतील ते मनात मोजायला लागले. असं आहे माझं.

नागपूरला मी गेले नाही. बढती मिळाली, पण चांद्यालाच. राज्य बदललं, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कागदांवरचे शिक्के बदलले. चारपाच वर्षांनी तपासणीच्या निमित्तानं मी पुन्हा त्या गावात गेले. सोमाची माय वारली होती. सोमा अंगणात बसून मासोळीचं जाळं विणत होता. मला बघून काठीच्या आधारानं उठला, खाट टाकली, बसवलं. दंडारीत तो आता ढोलकी वाजवतो, आणि नाचणाऱ्या पोरांना बसल्या बसल्या शिकवतो, असं त्यानं हसत सांगितलं.

बोलता बोलता तिचा विषय निघाला. निघणारच.

"बाई तवा लय चकरा मारत होती," सोमा म्हणाला. "पाय जायाच्या आंधी. त्या कुंपनापाशी उभी राहे. माय म्हने, आत या ना जी, तं येत नाई. म्हने, मले मनाई हाये. मायनं आंबील नेऊन देल्ली तं हातावर घेतली नाई. माय म्हने, काऊन, काई चुकलं का? तं म्हने, तुमच्या बाई येतीन, त्या शिकलेल्या हायेत, त्या सांगतीन तसंच करजा."

"आणखी काही नाही म्हणाली?"

"नाई. रोज येऊन इचारे, तुमच्या बाई आल्या होत्या का."

मी खाटेची दोरी धरून बसले. इतकी वर्षं मी तिचा एक तरी दोष शोधत होते, तो आत्ता माझ्यापुढं होता. एक वाक्य बोलायचं होतं तिला, माय, ते पाणी फेक. कुंपणाबाहेरून बोलली असती तरी चाललं असतं. डॉक्टरांचा नियम मोडला असता, माझा अपमान झाला असता, आणि हा मुलगा आज नाचत असता. ती नाही बोलली. मी 'पाऊल टाकायचं नाही' म्हटलं होतं, आणि तिनं ते मोडलं नाही. माझं घर, माझा मान, माझी रीत माझ्याच तोंडून सुधारावी म्हणून ती बाहेर उभी राहिली. तिची चूक मला सापडली आणि मला ती कोणालाही दाखवावीशी वाटेना.

सोमानं जाळ्याची गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि साधेपणानं विचारलं, "तुमी आत काऊन नाई आल्या बाई तवा?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं त्याला कळलं नव्हतं आणि आज विचारायची संधी मिळाली होती, एवढंच. मी डोकेदुखीचं सांगू शकले असते. दारापर्यंत आले होते, तुझी माय 'हो' म्हणाली, हेही सांगू शकले असते. ते खरंही होतं.

"मला तिचा हेवा वाटत होता," मी म्हटलं. "ती म्हणते ते खरं निघू नये असं वाटत होतं."

 त्याला राग येईल, तो मला अंगणातून उठवील, असं मला वाटलं. पण तो गोंधळला होता.

"बाईचा हेवा?" तो म्हणाला. "बाईपाशी होतंच काय हेवा कराले?"

 एसटीची वेळ झाली होती. मी नको नको म्हणत असताना तो काठी घेऊन मला फाट्यापर्यंत पोचवायला निघाला. अर्ध्या मैलाची वाट. तो चवड्यांवर जोर देऊन, एक पाय दुसऱ्यासमोर ओढत चालत होता, मधे थांबत होता, थांबला की यंदाच्या धानाचं काही तरी सांगत होता. मी त्याच्या चालीनं चालले. फाट्यावर पोचलो तेव्हा एसटी निघून गेली होती.